मेलबर्नचा निकाल आणि ग्रीन्स पक्षाचे भवितव्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मे २०२५ च्या ऑस्ट्रेलियातील निवडणुकीबद्दलचा लेख आपल्या दैनिकात वाचला. शहरी मतदारांचा पर्यावरणाच्या राजकारणावरचा विश्वास उडाला, असा त्याचा एकूण सूर आहे आणि पुरावा म्हणून ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षाचे तेव्हाचे नेते आणि मेलबर्नचे खासदार अ‍ॅडम बँट यांच्या पराभवाकडे बोट दाखवले आहे. मी याच मतदारसंघात राहतो, इथे मत देतो आणि ग्रीन्स पक्षाचा स्वयंसेवक आहे. हा निष्कर्ष मला पटत नाही. कारण आकडे वेगळेच सांगतात.

लेखात एक गोष्ट राहून गेली. पहिल्या पसंतीची सर्वाधिक मते बँट यांनाच मिळाली होती. त्यांना साधारण ३९ टक्के आणि मजूर पक्षाच्या सारा विटी यांना साधारण ३१ टक्के. तरीही अंतिम मोजणीत विटी जवळपास ५३ टक्क्यांवर पोहोचल्या. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे कोडे वाटू नये. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर निकाल फिरताना आपण पाहतोच. इथे फरक एवढाच की लोकसभेसारख्या सभागृहाचा प्रत्येक खासदार याच पद्धतीने निवडला जातो आणि मतपत्रिकेवरच्या प्रत्येक नावापुढे क्रमांक घालावाच लागतो, नाहीतर मत बाद.

मतदानाच्या रात्री एका केंद्रावर मी मतमोजणी प्रतिनिधी म्हणून उभा होतो. आम्हाला मतपत्रिकांना हात लावायची परवानगी नसते, फक्त बघायचे. आधी कनिष्ठ सभागृहाच्या मतपत्रिका (त्यांचा कागद हिरवा असतो) पहिल्या पसंतीनुसार लावल्या गेल्या आणि आमचा गठ्ठा सगळ्यांत जाड दिसत होता. मग अधिकाऱ्यांनी उजव्या विचारांच्या लिबरल पक्षाचा गठ्ठा उचलला. त्यातल्या प्रत्येक मतपत्रिकेवर ग्रीन्स आणि मजूर यांच्यापैकी कोणाला वरचा क्रमांक आहे ते पाहून ती त्या बाजूला ठेवायची. एक मजूर, दुसरी मजूर, तिसरी मजूर, मग कधीतरी एखादी आमच्याकडे. अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले की काय होणार आहे. लिबरल पक्षाने मतदारांना वाटलेल्या पत्रकांवर आम्हाला मजूर पक्षाच्या खाली टाकले होते आणि त्यांच्या बहुतेक मतदारांनी तोच क्रम पाळला.

आता २०१० आठवा. १९०४ पासून मजूर पक्षाकडे असलेली ही जागा बँट यांनी तेव्हा पहिल्यांदा जिंकली. त्या वेळी पहिल्या पसंतीत ते मागे होते, मजूर पक्षाला ३८ टक्के आणि त्यांना ३६. लिबरल पक्षाने तेव्हा ग्रीन्सना वर ठेवले होते, म्हणून ते निवडून आले. २०१३ मध्ये लिबरल पक्षाने धोरण उलटे केले, तरीही बँट टिकले, कारण तोपर्यंत त्यांची स्वतःची मते ४२ टक्क्यांच्या पुढे गेली होती. पुढे २०२२ मध्ये ती पन्नास टक्क्यांच्या उंबरठ्यावर होती. म्हणजे लिबरल मते विरोधात जाणार हे धरून चालले, तर आमच्या पक्षाला इथे ४२-४३ टक्के स्वतःच्या बळावर आणावे लागतात. ३९ ला जागा जाते. मेलबर्नमधले सगळे गणित या तीन-चार टक्क्यांचे आहे, आणि ते कुठे गेले हा खरा प्रश्न आहे.

काही मते नकाशात गेली. या निवडणुकीआधी व्हिक्टोरिया राज्याची एक जागा कमी झाली, हिगिन्स हा मतदारसंघच रद्द झाला आणि सगळ्या सीमा सरकल्या. फिट्झरॉय नॉर्थ आणि कार्लटन नॉर्थकडचे आमचे हक्काचे भाग विल्स मतदारसंघात गेले. बदल्यात मेलबर्न मतदारसंघ यारा नदी ओलांडून साऊथ याराकडे पसरला. तिथे जुने श्रीमंत बंगले आहेत, नव्या उंच इमारती आहेत आणि लिबरल पक्षाला मानणारे बरेच जण आहेत. सीमा स्वतंत्र आयोग ठरवतो, त्यामुळे कुणी डाव साधला असे मी म्हणणार नाही. पण मतदारसंघ तोच राहिला नाही, हे विसरून 'मतदारांनी नाकारले' म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या फिट्झरॉय नॉर्थने आम्हाला भरभरून दिले, त्याची मते आता दुसऱ्याच मतपेटीत मोजली जातात. विल्समध्येही आमच्या समंथा रत्नम थोडक्यात हरल्या.

उरलेली मते मात्र आम्ही स्वतः घालवली, आणि पक्षातल्या मित्रांना हे ऐकायला आवडत नाही. कार्लटन, फिट्झरॉय, नॉर्थ मेलबर्न ही पूर्वी कामगारांची आणि इटली-ग्रीसहून आलेल्या स्थलांतरितांची वस्ती. आज इथे बहुतेक लोक भाड्याने राहतात. त्यांना तापमानवाढीची काळजी आहे, त्याबद्दल शंका नको. पण घरमालकाची भाडेवाढीची नोटीस येते तेव्हा ती काळजी दुसऱ्या क्रमांकावर जाते. २०२३ मध्ये मजूर सरकारचा दहा अब्ज डॉलरच्या घरबांधणी निधीचा कायदा आमच्या पक्षाने सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, अनेक महिने रोखून धरला. त्यातून सामाजिक घरांसाठी जादा पैसे पदरात पडले, हे खरे आहे आणि मला ते योग्यही वाटते. पण दारावर उभे राहून हे समजावता येत नव्हते. लोक एवढेच म्हणायचे, "घरे बांधायचा कायदा तुम्हीच अडवलात ना?" मजूर पक्षाने हे एक वाक्य घरोघर पोहोचवले. आमच्याकडे त्यावर एका वाक्याचे उत्तर नव्हते.

शिवाय लिबरल पक्षाचे तेव्हाचे नेते पीटर डटन पंतप्रधान होतील ही भीती खरी होती. ती टाळायला आमच्याकडे झुकणारे काही जण थेट मजूर पक्षाकडे गेले. डटन स्वतःचीच जागा हरले, तेव्हा ती भीती पुढच्या वेळी तशीच राहणार नाही.

पुढचे चित्र मला आशादायक वाटते, पण आपोआप काही होणार नाही. सिनेटमध्ये आमच्या पक्षाच्या पाठिंब्यावर सरकारचे कायदे होऊ शकतात, त्यामुळे हातात काम दाखवायला जागा आहे. राज्याच्या विधानसभेत मेलबर्न, रिचमंड आणि ब्रन्सविक आमच्याकडे आहेत. प्राहरान मात्र फेब्रुवारी २०२५ च्या पोटनिवडणुकीत लिबरल पक्षाने घेतले. मजूर पक्षाने तेव्हा उमेदवारही दिला नव्हता. साऊथ याराला लागून असलेला हा भाग आहे. यारा नदीच्या दक्षिणेला काय होऊ शकते, याची ती सूचना होती आणि आम्ही ती गांभीर्याने घेतली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की पक्षाने साऊथ याराच्या इमारतींमध्ये आत्तापासून जायला हवे. तिथल्या फ्लॅटमधले भाडेकरू दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतात, गेल्या वेळी ज्या दारावर बोलणे झाले तिथे आता दुसरेच कुणी राहते. सरकारी घरांच्या ४४ उंच इमारती पाडण्याचा राज्य सरकारचा निर्णय आहे. त्यात पूर्व आफ्रिकेतून आलेली, व्हिएतनामी अशी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांचे पुनर्वसन हाच आमच्यासाठी पर्यावरणाचा प्रश्न असला पाहिजे, कारण उन्हाळ्यात त्या खोल्यांमध्ये काय होते ते मी पाहिले आहे. आणि इथल्या भारतीय विद्यार्थ्यांना, त्यांत मराठी मुलेही आली, मत नाही म्हणून त्यांची दारे टाळू नयेत. त्यांतले काही जण पुढे नागरिक होतात.

महाराष्ट्रातही जनगणनेनंतर मतदारसंघांची पुनर्रचना होऊ घातली आहे. पुण्यातल्या टेकड्या आणि नदी यांसाठी किंवा मुंबईत आरेसाठी झटणारे कार्यकर्ते निवडणुकीचा विचार करत असतील, तर त्यांनी आपली वस्ती नव्या नकाशात कुठल्या बाजूला जाते ते आधी पाहावे. तिकडे दुसऱ्या पसंतीचा आधारही नाही.

आपला,
एक मराठी वाचक, कार्लटन, मेलबर्न