शेक किती दिवस, हे रुग्णालाही विचारा

महोदय,

फुप्फुसाच्या कर्करोगावर किरणोपचार, म्हणजे आपण ज्याला 'शेक' म्हणतो तो, द्यायचा ठरला की घरातला पहिला प्रश्न 'किती सिटिंग?', म्हणजे किती वेळा शेक घ्यायचा, हाच असतो. त्या प्रश्नाला मिळणारा आकडा आपण निमूटपणे मान्य करतो, आम्हीही केला.

माझ्या थोरल्या मामांचा रोग हाडांपर्यंत पोहोचला होता. खोकल्यातून पडणारे रक्त थांबावे म्हणून दहा सिटिंग ठरली. गाव तीन तासांवर असल्याने रुग्णालयाजवळ खोली घेतली. यंत्रावर दहा मिनिटे लागत, उरलेला दिवस बाकावर आणि खोलीत जाई. किरण कुठे सोडायचे हे दाखवणाऱ्या छातीवरच्या जांभळ्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून मामांनी दोन आठवडे अंघोळ केली नाही, ओल्या फडक्याने पाठ पुसून घेताना ते रोज विचारीत, "अजून किती राहिले रे?" रक्त थांबले, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे ऋण आम्ही विसरणार नाही. शेक संपल्यावर मामा सात आठवडे जगले.

नंतर वाचनात आले की ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ३६९ रुग्णांवर केलेली एक चाचणी १९९१ सालीच प्रसिद्ध झाली आहे. रोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या या रुग्णांपैकी काहींना आठवड्याच्या अंतराने दोनच सिटिंगमध्ये १७ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), तर इतरांना नेहमीप्रमाणे अनेक सिटिंगमध्ये, म्हणजे दहांत ३० किंवा सहांत २७ ग्रे दिले गेले. खोकला, रक्त आणि छातीतले दुखणे यांना दोन्हीकडे सारखाच उतार पडला आणि आयुष्यातही फरक पडला नाही. म्हणून दोन सिटिंग सर्वांना पुरतात असे मात्र नाही. त्याच संस्थेच्या १९९६ च्या चाचणीत, रोग छातीपुरता असलेल्या व हिंडत्याफिरत्या रुग्णांमध्ये, तेरा सिटिंग घेणारे सरासरीने नऊ महिने आणि दोन घेणारे सात महिने जगले. अंगात बळ असलेल्या माणसाला हे दोन महिने मोलाचे वाटतील. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरचे दोन आठवडे अधिक मोलाचे वाटतील. ही निवड ज्याची त्याने करायची असते, आणि मामांना ती करूच दिली गेली नाही, एवढेच माझे गाऱ्हाणे आहे.

रोग बरा करण्याच्या हेतूने शेक दिला जातो तेथे हिशेब वेगळा असतो, आणि 'जितका जास्त शेक तितका गुण' ही आपली समजूत तेथेही टिकत नाही. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत केमोथेरपीसोबत ६० ऐवजी ७४ ग्रे दिले, तेव्हा जास्त मात्रा घेणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण जिथवर जगले तो काळ) २८.७ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर आले. उलट ब्रिटनमध्ये सहा आठवड्यांच्या ६० ग्रेऐवजी, शनिवार-रविवारही न थांबता, दिवसातून तीनदा असे सलग बारा दिवसांत ५४ ग्रे दिले, तेव्हा दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण २० वरून २९ टक्क्यांवर गेले. मधल्या सहा तासांत निरोगी पेशी सावरतात आणि गाठीला पुन्हा वाढायला सवड मिळत नाही, असा त्यामागचा विचार. त्या रुग्णांना अन्न गिळताना मात्र फार त्रास झाला, हेही आधी सांगायलाच हवे. शिवाय सुटीच्या दिवशी यंत्र चालवायला माणसे लागतात, त्यामुळे ही पद्धत फारशी रुजली नाही.

कर्करोगाच्या उपचारासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावाकडची जी कुटुंबे उतरतात, त्यांना सहा आठवडे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून माझी विनंती अशी की, शेक सुरू होण्यापूर्वी रुग्णाच्या केसपेपरवर साध्या मराठीत चार ओळी लिहून द्याव्यात: हेतू रोग बरा करण्याचा आहे की त्रास कमी करण्याचा, सिटिंग किती, त्याहून कमी दिवसांचा पर्याय आहे का, आणि तो घेतल्यास काय मिळेल व काय गमवावे लागेल. डॉक्टरांवर कामाचा भार किती असतो हे मी त्या बाकावर बसून पाहिले आहे, तरीही या चार ओळींसाठी वेळ काढता येईल असे मला मनापासून वाटते.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली जिल्हा