मंत्रिमहोदय, नाताळच्या आधी रस्ता होणार होता

वसई, 18 डिसेंबर

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्याला आणि आपल्या कुटुंबाला नाताळच्या शुभेच्छा. त्या मनापासून देतो आहे. पुढे जे लिहिणार आहे तेही तितक्याच मनापासून.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातला भाजी पिकवणारा माणूस. मुळा, पालक, मेथी, कडेने थोडी केळी. आपण ऑक्टोबरात आमच्या गावी आला होतात. तिठ्यावर मांडव होता, नारळ फुटला, आणि माईक हातात घेऊन आपण म्हणालात, "पाण्याची लाइन टाकून होताच रस्ता करून देतो. नाताळच्या आधी तुमच्या दारात गुळगुळीत डांबर दिसेल." टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. माझी आईही होती. ती पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, लाल लुगडं नेसून. कदाचित आपल्याला आठवत असेल, कारण आपण वाकून तिला नमस्कार केला होतात.

दिवाळी झाल्यावर चर खणला. कमरेइतका खोल. लाइन पडली की नाही ते कुणी सांगत नाही, पण माती वर तशीच ढिगाने पडली आहे आणि चर उघडा आहे. चर्चकडे जाणारा रस्ता तोच, शाळेचा तोच, स्टेशनकडे जाणारी रिक्षा धरायची तर तोच.

परवा, 16 तारखेला, आई पहाटेच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघाली. नाताळच्या नोव्हेनाचा, नाताळआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा, पहिला दिवस. ती 74 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण हे नऊ दिवस तिने कधी चुकवलेले नाहीत. बाबा वारले त्या वर्षीसुद्धा नाही. सहा वाजता अजून अंधार असतो आणि कोपऱ्यावरच्या खांबावरचा दिवा महिनाभर बंद आहे. चरावर कुणीतरी फळी टाकली होती. दंवाने ती निसरडी झालेली. आई चरात पडली. शेजारचा पाटलांचा मुलगा दूध आणायला निघाला होता, त्याने हाक ऐकली. मी पोहोचलो तेव्हा ती चिखलात बसलेली, उजवा हात मांडीवर धरून, आणि पहिलं काय म्हणाली, तर "मिस्सा सुरू झाली का रे?"

उजवं मनगट मोडलं. रिक्षा आत येत नाही म्हणून तिला खुर्चीवर बसवून चौघांनी मुख्य रस्त्यापर्यंत नेली. आतापर्यंत 31,000 रुपये खर्च झाले आहेत, पट्टी बदलायचे आणि औषधांचे वेगळे. पैशाचं मी मागत नाही. पण आपल्याला हे माहीत असावं की आपल्या एका वाक्यावर विसंबून आम्ही दोन महिने वाट पाहत राहिलो.

नाताळ म्हणजे आमच्याकडे एका रात्रीची गोष्ट नाही. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पहिली मेणबत्ती पेटते तेव्हापासून गाव बदलायला लागतं. पोरं शेतातून पेंढा आणतात, बांबू तासतात, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उभा राहतो. ताटलीत गहू पेरतात, म्हणजे नाताळपर्यंत गोठ्यापुढे हिरवं गवत तयार. घराघरावर चांदणी लागते. संध्याकाळी घरातून तळणाचा वास येतो. माझ्या आईच्या कुलकुलांना, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोड खाऊला, सगळ्या वाडीत नाव आहे. ती नवी फणी आणते, धुऊन पुसून ठेवते, पिठाची गोळी फणीच्या दात्यांवर अंगठ्याने दाबते आणि एका झटक्यात गुंडाळते. शिंपल्यासारखी रेघ प्रत्येकीवर सारखी. चार किलो पिठाची करते, आणि डबे भरून शेजारी पाठवते. दिवाळीत त्यांच्याकडून आमच्याकडे चकली-करंजी येते, नाताळात आमच्याकडून नेवऱ्या, कुलकुल, पेरूची वडी जाते. या वर्षी फणी आणून ठेवलेली आहे. तशीच कागदात.

कॅरोलवाल्यांचंही तेच. दरवर्षी तरुण मंडळी टेम्पो सजवतात, गिटार, ड्रम, एकाला सांताक्लॉजचा वेश, आणि रात्री वाडीवाडीत गात फिरतात. टेम्पो चरापलीकडे येऊ शकत नाही. आमच्या अंगाला घरं किती? कुणी 150 म्हणतं, कुणी 200, मी मोजायला गेलो नाही. पण या सगळ्या घरांत या वर्षी कॅरोल आलेले नाहीत. म्हातारीकोतारी माणसं ओट्यावर दिवा लावून बसतात आणि लांबून गाणं ऐकतात.

माझा भाजीचा टेम्पोही आत येत नाही. जुड्या डोक्यावर घेऊन अर्धा किलोमीटर चालायचं, मग गाडी. रोज दोन फेऱ्या जास्त होतात, माणसाची मजुरी वर लागते, आणि बाजाराला उशीर झाला की पालेभाजीला भाव राहत नाही. महिन्याचे दहा-बारा हजार तरी गेले असतील. हिशेब नीट ठेवला नाही, ठेवायला वेळच मिळाला नाही.

तक्रार केली नाही असं समजू नका. मोबाइलवरून केली, टोकन नंबर आला. आठ दिवसांनी मेसेज आला, "तक्रार निकाली काढण्यात आली आहे." सोबत फोटो. फोटोत छान डांबरी रस्ता आहे, पण तो आमचा नाही! आमच्या रस्त्याला डाव्या हाताला विहीर आणि चिंच आहे, त्या फोटोत बंद दुकानाचं शटर आहे. मी कार्यालयात गेलो. तिथे सांगितलं, खणणारं खातं वेगळं, बुजवणारं वेगळं. दुसऱ्या ठिकाणी गेलो तर म्हणे ठेकेदाराचं बिल अडकलंय, बिल निघाल्याशिवाय तो यंत्र पाठवणार नाही. ठेकेदाराचा फोन लागत नाही. साहेब, आईचं मनगट कुठल्या खात्यात जमा करू?

हे फक्त ख्रिस्ती लोकांचं दुखणं आहे असं कुणी म्हणेल म्हणून सांगतो. कार्तिकात वसई तालुक्यातल्याच निर्मळची जत्रा असते. तेव्हा याच रस्त्याने आमच्या गावातले हिंदू शेजारी जत्रेला गेले, मुलं खांद्यावर घेऊन, चराच्या कडेकडेने. त्या वेळीही आम्ही बोललो होतो. जत्रा झाली, आता नाताळ होईल, मग शिमगा येईल. चराला धर्म नसतो.

आणि मला आता फक्त चराचं बोलता येत नाही. 2009 साली चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र करून इथे महापालिका झाली. गावं नको म्हणत होती, मोर्चे निघाले. 2011 साली 29 गावं वगळायचं सरकारनेच ठरवलं, मग ते कोर्टात अडकलं, आणि वर्षानुवर्षं आम्ही ना धड शहर, ना धड गाव. कर शहराचा. पाणी मात्र टँकरचं. आमची बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, बुजली, त्यावर इमारती आल्या, आणि 2018 च्या जुलैत पाणी घरात शिरलं तेव्हा सगळे विचारत होते, पाणी कुठून आलं? आमच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी, धर्मगुरू आणि मराठी लेखक, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून हेच सांगितलं होतं. 2020 साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने त्यांचं कौतुक केलं. 2024 च्या जुलैत ते गेले. आमच्या माणसाचं कौतुक होतं, आमचं म्हणणं ऐकलं जात नाही, याचा राग येतो.

तिठ्यावर, जिथे नारळ फुटला होता तिथेच, आपला फलक लागला आहे. "समस्त ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा." फलकाच्या दोन्ही खांबांसाठी खड्डे खणले, खांब उभे केले आणि माती दाबून सिमेंटने बुजवलेसुद्धा, एका दुपारी. मी स्वतः पाहिलं. म्हणजे खड्डा बुजवणारी माणसं आहेत, सिमेंट आहे, वेळ आहे.

डांबर आता मागत नाही. 24 तारखेच्या रात्री मिस्सेला अख्खं गाव निघेल, लहान मुलं, गरोदर बाया, काठी टेकत चालणारी माणसं. त्याआधी चर मातीने बुजवून, दाबून, वर खडी टाकून द्या. कोपऱ्यावरचा दिवा लावा. खोट्या फोटोवर तक्रार कुणी बंद केली त्याचं लेखी उत्तर द्या. आणि ठेकेदाराचं बिल कुठल्या टेबलावर पडलं आहे ते शोधा, कारण आम्हाला ते कुणी शोधू देत नाही.

डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले आहेत. आईचं प्लास्टर जानेवारीच्या शेवटी निघेल. तोवर तीन राजांचा सण होऊन गेलेला असेल, गोठा उतरवलेला असेल. काल रात्री ती डाव्या हाताने फणी धरून बघत होती. दोन कुलकुल केली, दोन्ही उसवली. मग म्हणाली, "राहू दे, सुनेला शिकवते."

आपला,
वसईतील एक शेतकरी