पान 62 विचारणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

तुम्ही लायब्ररीतून रिटायर झालात त्या दिवशी मी मुंबईत होते, निरोपाला येता आलं नाही. म्हणून हे पत्र. आणि उघड, कारण तुमच्या टेबलाशी उभं राहून डोकं खाणारी मी एकटी नव्हते.

आठवीत मी एक जाडजूड भयकादंबरी परत केली आणि म्हटलं, आवडली नाही. शिक्का मारता मारता तुमचा हात थांबला. "आवडूक नाय म्हणजे काय? खंयच्या पानार सोडलंस, ता सांग." पान 62. "मगे थंय काय झाला?" आठवून बघितलं तर त्या पानावर लेखकाने भूत कोणाचं, कशाला आलं, सगळं सांगून टाकलं होतं. पुढे भ्यायला काही उरलंच नव्हतं. पुस्तकाबद्दलचं माझं पहिलं मत ते.

मग नारायण धारपांच्या भयकथा दिल्यात. वाचताना नेमके लाईट गेले (पावसात जातातच), आणि न्हाणीघरापर्यंत जायला मी आजीला उठवलं. मतकरींनी तसं घाबरवलं नाही. त्यांच्या गूढकथा वाचून शेजारच्या साध्या माणसाचीच भीती वाटायला लागली. ते जास्त वाईट.

पण खरे आभार 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'चे. उर्सुला ले ग्विन यांची 1968 सालची कादंबरी. इंग्रजी झेपेना म्हणून डिक्शनरीही घरी न्यायला दिलीत, नियमात बसत नसताना. गेड हा पोरगा फुशारकीपायी मेलेल्या बाईला बोलावतो, तिच्यासोबत एक सावली जगात येते, आणि तो बेटाबेटांवरून तिच्यापासून पळत सुटतो. मी विचारलं, एवढा जादूगार, मग दमतो कसा? तुम्ही म्हणालात, "आरवलेच्या वेतोबाच्यो व्हाणो बघलंस मां? देव झालो तरी झिजतत." लोक त्या भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, आणि रात्री राखणीला फिरून तो त्या झिजवतो म्हणतात. लहानपणापासून बघत होते मी त्या. गेडशी जोडल्या नव्हत्या कधी.

तेव्हापासून किशोरांची फँटसी मी याच मापाने मोजते. जादू करून कोणाचं काहीच झिजत नसेल, तर पुस्तक मिटते. भविष्यवाणीने निवडलेला नायक, दोन देखण्या पोरांत अडकलेली नायिका, तीन भागांतला तो पाणी घातलेला मधला भाग, यांना मी फार दया दाखवत नाही. पॅट्रिक नेस यांच्या 'अ मॉन्स्टर कॉल्स'मधला राक्षस मात्र जवळचा वाटला. रात्री 12:07 ला येतो, आई आजारी असलेल्या मुलाला गोष्टी सांगतो, आणि शेवटी त्याच्याकडूनच खरी गोष्ट वसूल करतो. रागावू नका, पण तुम्हीच आठवलात.

परवा भाचीने एक व्हॅम्पायरवालं पुस्तक 'बोअर' म्हणून बाजूला टाकलं. मी पान विचारलं. पहिल्यांदा वैतागली, मग म्हणाली, 114, आणि अर्धा तास बोलत होती.

डिक्शनरी अजून माझ्याकडेच आहे. गणपतीत आणून देते. दंड किती झाला, तो काढून ठेवा.

तुमची,
खिडकीजवळच्या बाकावरची