ताई, कळशीला वजन आलं

ताई,

नाव लिहिलं तर रागवाल, म्हणून नुसतंच ताई.

तो ॲनिमेशनचा शॉट परवा मंजूर झाला. भरलेली कळशी उचलून कमरेवर घेणारी बाई. क्लायंटने पाहिला, 'छान' म्हणाला आणि पुढचा मागितला. त्याच्यासाठी विषय संपला. मला मात्र हे लिहितानाही भरून येतंय.

या शॉटवर काय शेरे पडत होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. 'फ्लोटी'. 'वजन नाही'. 'फील आण'. फील कुठल्या दुकानात मिळतो ते कुणी सांगेना. वेळ वाढव म्हणायचे, २० फ्रेम (म्हणजे एकेक स्थिर चित्र) कर, २४ कर. वाढवली की कळशी आणखीच तरंगायची. बाबांनी कर्ज काढून ज्या इन्स्टिट्यूटची फी भरली, तिथे ग्राफ एडिटरचं, म्हणजे हालचालीची रेष वळवायच्या खिडकीचं, एकेक बटण शिकवलं. रेष इथेच का वळवायची असं विचारलं की 'प्रॅक्टिसने येईल'. आणि स्टुडिओतले सीनियर यायचे, मला खुर्ची सरकवायला लावायचे, माउस घेऊन दोन मिनिटं खाटखूट करून निघून जायचे. शॉट थोडा सुधारायचा. मी होतो तिथेच.

तुम्ही माउसला हात लावला नाहीत.

तुमच्या लक्षातही नसेल. तुम्ही हात पुढे केलात, मी सवयीने खुर्ची मागे घेतली, आणि तुम्ही माझी वही ओढलीत! तेवढ्यावरच मी अर्धा शिकलो असेन. मग पँट्रीतला २० लिटरचा जार दाखवून म्हणालात, "उचल." उचलला. "परत. आता जार हलायच्या आधी काय काय हलतं ते बघ." गुडघे वाकले, कंबर मागे गेली, खांदा खाली ओढला गेला, हात ताणले गेले. जार अजून जमिनीवरच. (पाठीत उसण भरली ती वेगळी.)

वहीच्या समासात तुम्ही एक उभी रेघ मारलीत, दर फ्रेमला कळशी कुठे असेल त्याच्या तिच्यावर आडव्या खुणा केल्यात. खाली दाट, मध्ये विरळ, वर पुन्हा दाट. १६ फ्रेम आहेत त्या १६च राहू देत, म्हणालात, अंतरं बदल. पहिल्या ५-६ फ्रेम कळशीला जागची हलू देऊ नको, अंग आधी जाऊ दे. सेकंदाला २४ फ्रेम सगळ्यांनाच मिळतात. एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत वस्तू किती सरकली, त्यावर ती जड की हलकी ते ठरतं. पडणारा चेंडू सारख्या वेळात १, ३, ५, ७ अशा प्रमाणात अंतर कापतो, हे मी फिजिक्सच्या पेपरासाठी घोकून विसरलो होतो. ते माझ्याच धंद्याचं निघालं.

डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईला आले आणि फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागातल्या तरुणांना शिकवून गेले. भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणतात ते राम मोहन त्यांतलेच. हा इतिहास आमच्या इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर फोटोसकट लावला होता. शेजारी बसवून शिकवायची ती रीत तेवढी भिंतीवरून खाली उतरली नाही.

तुमचं प्रोजेक्ट वेगळं होतं, डेडलाइन डोक्यावर होती. माझा शॉट अडला असता तर तुमचं काहीच बिघडत नव्हतं. समोरच्याला येत नाही हे दिसूनही ज्यांचा आवाज चढत नाही, अशी माणसं स्टुडिओत काय, बँकेच्या खिडकीवर भेटली तरी दिवस बरा जातो. ती प्रमोशनच्या यादीत फारशी का दिसत नाहीत, हे कोडं मला सुटलेलं नाही.

श्रेयनामावलीत तुमचं नाव घालता येईल का, असं मी विचारून आलो. तुम्हाला न सांगता. 'त्या या प्रोजेक्टवर नव्हत्या' असं उत्तर मिळालं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिलंय. रागवायचं तर आता रागवा.

तुमचा,
खिडकीजवळच्या मशीनवरचा