टिटवी घेऊन जाशील तेव्हा

पोर्टचेस्टर, शनिवार रात्र

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद.

"आई, ऑगस्टमध्ये आम्ही तिघं मित्र आपली शिडाची होडी टिटवी घेऊन आइल ऑफ वाइट बेटावरच्या यार्मथला जाऊ का?" असं तू काल विचारलंस आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. उत्तर 'हो' आहे. पण त्या 'हो'सोबत जे सांगायचंय ते फोनवर मला जमलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

तू त्या दर्यावर्दी एलन मॅकआर्थरचा दाखला दिलास. १९९५ मध्ये ती टिटवीसारख्याच कॉरिबी जातीच्या छोट्या होडीतून एकटी ब्रिटनला वळसा घालून आली आणि निघाली तेव्हा अठराच वर्षांची होती, हे खरंच आहे. तू तर वीस वर्षांचा. पण त्या फेरीला चार महिन्यांच्या वर लागले, हेही खरं. एवढ्या दिवसांत वारा उतरायची वाट बघत ती किती वेळा बंदरात थांबली असेल, याचाही विचार कर.

टिटवी एकवीस फुटांना थोडी कमी, वजन जेमतेम नऊशे किलो. ती हलकी आहे म्हणूनच आपली होऊ शकली. चार हॉर्सपॉवरची मोटर तिला पुरते. तळ खरवडून रंग द्यायचं काम आपण दोघं एका शनिवार-रविवारात उरकतो. खाली दोन कणे, म्हणजे तळाला लावलेली जड पाती, असल्यामुळे ओहोटीला ती चिखलात सरळ बसते, कलंडत नाही. म्हणून किल्ल्यासमोरची ही कोरडी पडणारी जागा आपल्याला स्वस्तात मिळाली. खोल कण्याच्या बोटीला इथे थाराच नाही. नर्सच्या पगारात मरीना परवडली नसती. आत ताठ उभं राहता येत नाही ही तुझी तक्रार तू बारा वर्षांचा झालास तेव्हापासून ऐकतेय. पण तिच्यातल्यासारखी झोप मला घरीही लागत नाही.

आता हलकेपणाची दुसरी बाजू. तुम्ही तिघं मिळून दोनशे किलोंच्या वर भराल, म्हणजे होडीच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास. तिघंही वाऱ्याच्या बाजूला बसलात तर ती सरळ चालेल. एक जण चहा करायला आत गेला की लगेच कलेल. आणि वाऱ्याचा जोर सरळ हिशोबाने वाढत नाही. दहा नॉटचा वारा चौदाचा झाला की शिडावरचा दाब दुप्पट होतो, वीस झाला की चौपट. सहा टनी बोट तो दाब सोसते. टिटवी सोसत नाही. ती आधी आडवी होते, मग सुकाणूचं ऐकेनाशी होते.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हाची गोष्ट तुला त्या बादलीमुळे आठवत असेल. मला आठवते ती माझ्या चुकीमुळे. आपण बेटावरच्या काउझ बंदराच्या पुढे पश्चिमेला निघालो होतो. ओहोटीचं पाणी आपल्या बाजूने आणि नैऋत्येचा वारा समोरून, फोर्स ५, म्हणजे वीस नॉटच्या आसपास. पाणी वाऱ्याच्या विरुद्ध वाहायला लागलं की सोलेंटमध्ये, म्हणजे बेट आणि आपला किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रात, लाटा आखूड आणि उभ्या होतात. दोन लाटांच्या मध्ये होडीला श्वास घ्यायला जागा राहत नाही. आजूबाजूच्या मोठ्या बोटी पूर्ण शिडांनी चालल्या होत्या, म्हणून मीही रीफ घेतला नाही, म्हणजे शीड आवरून लहान केलं नाही. त्यांच्या वजनाकडे बघून मी माझं शीड ठरवलं. मग घ्यायला गेले तेव्हा होडी इतकी उसळत होती की डोलकाठीपाशी एका हाताने काम करणं अशक्य झालं. मोटर चालू केली तर प्रत्येक लाटेला पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता किंचाळायचा. तू आत बादली धरून बसला होतास, रडत नव्हतास, आणि तेच मला सहन होत नव्हतं. शेवटी पुढचं शीड उतरवून मागे फिरले. काउझच्या पूर्वेच्या ऑस्बोर्न बेला पोचायला तास गेला, कारण आता ओहोटी विरुद्ध होती. बेटाच्या आडोशाला नांगर टाकला आणि पाच मिनिटांत तू बिस्किटं मागितलीस.

तेव्हापासून मी रीफ धक्क्यावरच घेऊन निघते. वारा कमी निघाला तर सोडता येतो. तूही तसंच कर, मित्रांसमोर कसं दिसेल याचा विचार न करता. आणि काउझला पोचेपर्यंत कुणाचा चेहरा पांढरा पडला, तर ऑस्बोर्न बे आहेच. तिथून परत आलात तरी ती सफरच झाली.

काउझच्या समोर मोठ्या जहाजांचा वळणाचा रस्ता आहे. दीडशे मीटरपेक्षा लांब जहाजाच्या पुढे हजार मीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर मीटर पाणी आपल्यासाठी बंद असतं. ते थांबू शकत नाही. वारा पडला आणि असं जहाज येताना दिसलं तर मोटर लगेच चालू कर. पोर्टस्मथच्या तोंडातून जाताना गॉस्पोर्टच्या बाजूची छोट्या होड्यांची वाट तुला पाठ आहे, तिथेही मोटर चालूच हवी.

आता दिवस. तू पौर्णिमेचा शनिवार धरलायस, चांदणं मिळावं म्हणून. तो नको. माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, विजयदुर्गला भरतीची वेळ तिथीवरून काढायचे. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर सहा, पौर्णिमा असेल तर सव्वाअकरा. इथे आले तेव्हा पहिल्या वर्षी मी कॅलेंडर घेऊन ताडून बघितलं. उन्हाळ्यातल्या घड्याळाने पोर्टस्मथला साधारण तास-दीड तास उशीर होतो, पण चाल तीच आहे. चार समुद्र ओलांडून आजोबांचं गणित लागू पडलं, त्या दिवशी मला हे गाव परकं वाटायचं थांबलं. अर्थात निघताना वेळ छापील तक्त्यातूनच घ्यायची, आजोबांच्या नातीनेसुद्धा.

पौर्णिमेला उधाण. पाणी जोरात धावतं, भरती दुपारी, म्हणजे पश्चिमेची ओहोटी आणि दुपारचं वाढतं वारं नेमकं समोरासमोर. त्यापेक्षा पुढची अष्टमी धर. भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या लहान भरती-ओहोटीचं, पाणी संथ असतं. भरती सकाळी साडेसातच्या सुमारास. तिच्या दोन तास आधी निघालात तर साडेसहाला बंदराच्या तोंडाशी असाल, तेव्हा सोलेंटचं पाणी नुकतं पश्चिमेला वळत असतं. ते दुपारच्या जेवणापर्यंत तुम्हाला यार्मथकडे नेईल, आणि दुपारचं वारं उठायच्या आत तुम्ही आत असाल. तुझ्या मित्रांना चारला उठवणं हे तुझं काम.

मी पाचला किनाऱ्यावर येते. डबे आणते, थालीपीठं आणि लसणाची चटणी. ओली होऊनही बिघडत नाहीत.

तुझी,
आई

ता. क. रीफच्या दोरीवर जिथपर्यंत ओढायचं तिथे मी लाल दोरा शिवलाय. अंधारातही बोटांना लागतो.