दिवाळी अंकाला साहित्य पाठवणाऱ्या सदस्यांसाठी

सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसू. अंकांकडून आलेली संमतिपत्रं सोबत आणा. तोवर कुणीही सही करू नका, ही कळकळीची विनंती.

घाई का, ते सांगते. गेल्या वर्षी एका अंकाने माझ्या कवितेच्या शेवटच्या दोन ओळी परस्पर कापल्या. विचारलं तर उत्तर आलं, "ताई, पानात बसत नव्हत्या." मानधनाची पावती तेवढी वेळेवर आली!

काही गोष्टी डोक्यात ठेवा:

- आपण नोकरीचा भाग म्हणून लिहीत नाही, त्यामुळे लेखनाचा पहिला हक्क आपलाच. तो द्यायचा तर लेखी करार आणि आपली सही लागते.
- करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. "सर्व हक्क कायमचे" असं वाक्य दिसलं की थांबा.
- हक्क विकला तरी नाव आपलंच राहतं. प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड झाल्यास दाद मागता येते (१९५७चा कॉपीराइट कायदा, कलम ५७). शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून टाकलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला ते सहगल यांना परत द्यायला लावलं, शिवाय ५ लाख रुपये भरपाई.

शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांवरून मात्र भांडू नका, प्लीज.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका. चहा आहे, खुर्च्या मोजक्या आहेत.