अंडवृद्धीचे रुग्ण बोलते व्हावेत

संपादक महोदय,

पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात आरोग्यसेवक म्हणून मी रात्री घरोघरी हत्तीरोगाचे रक्तनमुने घेतले; कारण हे जंतू रक्तात रात्रीच सापडतात. सुजलेला पाय सगळ्या गावाला दिसतो. याच रोगाने होणाऱ्या अंडवृद्धीचा, म्हणजे हायड्रोसीलचा रुग्ण मात्र रोवणीला जाणं टाळतो, लग्नाकार्याला जात नाही आणि वर्षानुवर्षं गप्प राहतो.

यात अंडाभोवतीच्या आवरणात पाणी साचतं. डॉक्टर अंधारात टॉर्च लावून बघतात; पाणी असेल तर बहुधा उजेड आरपार दिसतो. हर्निया किंवा गाठीची शंका आली तर सोनोग्राफी करतात. सुईने काढलेलं पाणी बहुतेकदा पुन्हा भरतं. मोठ्या माणसाला खात्रीचा उपाय छोट्या शस्त्रक्रियेचाच, आणि तिने पुरुषत्व जात नाही. तान्ह्या बाळाचं पाणी बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरतं. अचानक असह्य दुखू लागलं, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

हत्तीरोगविरोधी मोहिमेत वाटल्या जाणाऱ्या डीईसी, अल्बेंडाझोलच्या गोळ्या रोगाचा प्रसार रोखतात, साचलेलं पाणी उतरवत नाहीत. या रुग्णांना शोधावंच लागेल. गोळ्या वाटायला येणाऱ्या आशाताईंसोबत एक पुरुष कर्मचारी द्यावा, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

– एक निवृत्त आरोग्यसेवक, जि. चंद्रपूर